श्रीलंकेतला पाऊस थांबेपर्यंत

श्रीलंकेतल्या कुठल्या गावात आत्ता या क्षणी पाऊस पडतोय, हे सांगायला त्या गावातल्या माणसालासुद्धा निदान खिडकीपर्यंत जावं लागेल. कार्डिफमध्ये आमच्या घरासमोर राहणाऱ्या काकांना तेवढेही कष्ट पडत नाहीत. सकाळी ते रीसायकलिंगची पिशवी बाहेर ठेवायला दारात आलेले असतात, मी ऑफिसला निघालेली असते, आणि मी नुसतं "काय काका, कसं काय?" म्हटलं की उत्तर येतं, "त्रिंकोमालीला लख्ख ऊन आहे. गॉलला दुपारी तीनपर्यंत हरकत नाही. नुवारा एलियाला मात्र संध्याकाळी स्वेटर लागेल." एवढं सांगून ते समाधानाने आत जातात. या सगळ्या वेळात कार्डिफमध्ये, म्हणजे थेट काकांच्या टकलावर, पाऊस पडत असतो आणि त्याची त्यांना गंधवार्ता नसते. एकदा काकूंचा मला बसमधून फोन आला, "अगं, मागे गार्डनमध्ये चादरी वाळत घातल्यात, त्या भिजतायत. ह्यांना जरा सांगतेस का? माझा फोन घेत नाहीयेत." मी रस्ता ओलांडून बेल वाजवली. काकांनी दार उघडलं, माझ्या डोक्यावरून निथळणारं पाणी पाहिलं आणि आश्चर्याने म्हणाले, "पाऊस? हम्बनटोटाला तर महिनाभर थेंब नाही."

काका निवृत्त भूलतज्ज्ञ आहेत. जवळजवळ चाळीस वर्षं त्यांनी वेल्समधल्या माणसांना झोपवलं आणि, हे ते आवर्जून सांगतात, झोपवलेल्यांना परत उठवलंही. हॉस्पिटल सुटलं तरी सवयी सुटल्या नाहीत. त्यांच्याकडे जेवायला गेलं की आपण कोट काढायच्या आत पहिला प्रश्न येतो, "सकाळपासून काय काय खाल्लंय?" मी या रस्त्यावर नवीन राहायला आले तेव्हा मला वाटलं, स्वयंपाक कमी पडतोय की काय, म्हणून मी भिडेने "भरपूर खाल्लंय" म्हणून बसले आणि भरल्या पोटाचा पेशंट टेबलावर आल्यासारखा काकांचा चेहरा पडला. मंडळाच्या गणपतीत पाहुण्यांचं भाषण लांबलं आणि मागच्या रांगा पेंगायला लागल्या, की काका व्यासपीठाकडे पाठ करून बसतात आणि पेंगणाऱ्यांचे श्वास मोजतात. बाहेर पडताना त्यांचा अभिप्राय असतो, "भाषण चांगलं झालं. चौघांना गाढ लागली होती, पण सगळे स्टेबल होते."

त्यांच्या लेखी जगातली सगळी कामं दोन प्रकारची असतात, इलेक्टिव्ह आणि इमर्जन्सी. इलेक्टिव्ह म्हणजे सवडीने, ठरवून करायचं ऑपरेशन. त्यात पेशंट अगदी ठणठणीत हवा. त्याला साधी शिंक आली, तरी काका त्याला घरी पाठवत. सर्जन बाहेर हात धुऊन उभा असला आणि दात-ओठ खात असला, तरी काका अत्यंत मृदू आवाजात सांगत, "आज नको. आपल्याला काय घाई आहे?" याच न्यायाने त्यांच्या घरातली नवी कार्पेट सहा वर्षं गुंडाळलेली पडली होती, आणि काकूंना बघायला ते तीनदा गेले होते. तिसऱ्यांदा गेले तेव्हा काकूंच्या वडिलांनीच विचारलं, "आता आणखी कुठली तपासणी राहिली आहे?"

आता या माणसाचा आणि श्रीलंकेचा संबंध काय, असं कुणालाही वाटेल. संबंध काकूंचा आहे. काका-काकू प्रथम वेल्समध्ये आले ते डोंगरातल्या एका लहानशा हॉस्पिटलच्या क्वार्टर्समध्ये. तिथे शेजारच्या दारावर पाटी होती, 'कुसुमा'. काकूंना वाटलं, देव पावला. पुढचं आडनाव वाचायचे कष्ट न घेता त्या वाटीभर आमटी घेऊन शेजारी गेल्या आणि पाच मिनिटं अखंड मराठीत बोलल्या. हवा, भाजी, गॅसच्या मीटरमध्ये घालायची नाणी, सासूबाईंची पत्रं, सगळं. समोरच्या बाईने सगळं शांतपणे ऐकून घेतलं, आमटी हातात घेतली आणि इंग्रजीत म्हणाली, "मला एक अक्षर कळलं नाही, पण आत या." ती श्रीलंकेची, कँडीजवळच्या गावातली, हॉस्पिटलात मिडवाइफ होती. पुढे काकूंना दिवस भरले तेव्हा काका थिएटरमध्ये दुसऱ्याच कुणाला तरी भूल देत होते. काकूंचा हात रात्रभर धरून बसली ती कुसुमा, आणि मुलीला पहिल्यांदा हातात घेतलं तेही तिनेच. दोघी एकमेकींच्या शेजारी सोळा वर्षं राहिल्या. मग निवृत्त होऊन कुसुमा परत आपल्या डोंगरात गेली, आणि जाताना काकूंना म्हणाली, "ये." काकूंनी कबूल केलं, "येते."

काकूंना कुसुमाला भेटायचं होतं. एवढीच गोष्ट होती, आणि ती इलेक्टिव्ह होती. काकांनी लगेच तयारीला सुरुवात केली. त्यांचं म्हणणं असं, की अकरा तास विमानात बसून जायचं, तर एकट्या कँडीला जाऊन परत कसं यायचं? सगळा देश बघूनच यायचं. काशीला निघालो तर प्रयाग आणि गया त्याच खेपेत उरकणारी माणसं आपण, त्यामुळे यात कुणालाच काही गैर वाटलं नाही. काकांनी नऊ ठिकाणांची यादी केली, पश्चिमेचा किनारा, पूर्वेचा किनारा, मधले डोंगर, उत्तरेला जाफना. आणि मग अशी तारीख शोधायला बसले, की ज्या दिवसांत या नऊच्या नऊ ठिकाणी कोरडं असेल.

ज्यांना श्रीलंका ठाऊक आहे ते इथे हसतील. त्या देशाला एका पावसाळ्याने समाधान नाही, त्याने दोन ठेवले आहेत. मे महिन्यात एक पाऊस नैऋत्येकडून येतो आणि पश्चिमेला धुऊन काढतो, तेव्हा पूर्वेला लोक वाळूत पाय पसरून बसलेले असतात. डिसेंबरात दुसरा ईशान्येकडून येतो, मग पूर्वेची पाळी. या दोघांच्या मध्ये जी सुट्टी असते त्या सुट्टीतही पाऊस पडतो, फक्त कुठल्याही बाजूने आणि बहुतेक दुपारी. डोंगर तर दोघांचेही यजमान. थोडक्यात, सगळा देश कोरडा असण्याची तारीख देवाने काढलेलीच नाही. ही गोष्ट काकांना पहिल्या दोन वर्षांत कळली असणार, कारण माणूस हुशार आहे. पण बीपी जरा वर आहे म्हणून पेशंट कायमचा बाद करायचा नसतो, तो फक्त पुढे ढकलायचा असतो. काका पुढे ढकलत राहिले.

त्यांच्या डायनिंग रूमच्या भिंतीवर श्रीलंकेचा नकाशा आहे, उलट्या टांगलेल्या कैरीएवढा सुबक, आणि त्यावर तीन रंगांच्या टाचण्या. निळी म्हणजे पाऊस, पिवळी म्हणजे विचार करू, हिरवी म्हणजे जा. रोज सकाळी देवाला फूल वाहायच्या आधी काका टाचण्या बदलतात. त्यांच्या या ज्ञानाची कीर्ती वाढत वाढत सेव्हर्न नदीच्या पलीकडे इंग्लंडात गेली आणि श्रीलंकेला निघालेली दोन्ही काठांवरची मराठी माणसं आधी काकांच्या डायनिंग टेबलापुढे हजर होऊ लागली. काका त्यांना चष्म्याच्या वरून बघत. तारखा काय? कुठला किनारा? वळणांच्या रस्त्यावर उलट्या होतात का? गुडघे कसे आहेत? मग कागदावर काहीतरी लिहून ते निर्णय देत. ब्रिस्टलचं एक जोडपं लग्नाच्या पंचविसाव्या वाढदिवसाला जूनमध्ये बेंटोटाला निघालं होतं. काकांनी त्यांना हात धरून पूर्वेला वळवलं. "जूनमध्ये बेंटोटाला समुद्रावर लाल झेंडा असेल, हॉटेलच्या खोलीत पत्ते खेळत बसाल. पासिकुडाला जा. गुडघाभर पाणी, आणि शांत." ती दोघं रापून आणि खूश होऊन परत आली आणि काकांसाठी चहाची मोठी पेटी घेऊन आली. चहा पिताना त्या बाईंनी सहज विचारलं, "काका, तुमच्या वर्षातून किती फेऱ्या होतात हो?"

काकांनी कपात बघितलं. "अजून योग नाही आला," ते म्हणाले.

लोकां सांगे ब्रह्मज्ञान, आपण कोरडे पाषाण, असं आपल्यात म्हणतात. काकांच्या बाबतीत पाषाण कोरडे होण्याचीच तर सगळी वाट बघणं चाललं होतं.

या वाट बघण्याचा आमच्या रस्त्याला एक फायदा होता. दरवर्षी एकदा तरी काकांच्या नकाशावर हिरव्या टाचण्या सातपर्यंत जात, एकदा तर आठपर्यंत गेल्या होत्या, आणि मग घरात हालचाल सुरू होई. माळ्यावरून बॅगा उतरत. काकू कुसुमासाठी बेसनाचे लाडू करायला घेत. त्यांच्या लाडवांचा वास आमच्या बेडरूमपर्यंत येतो, तेव्हा तयारी कुठवर आली हे आम्हाला विचारावं लागत नसे. लाडू वळून होईस्तोवर एखादी टाचणी निळी होई. मग बॅगा परत माळ्यावर आणि लाडू घरोघर. पलीकडचे वेल्श आजोबा लाडू खायला शिकले ते यातूनच. आमची मुलगी इथेच जन्मलेली, तिचं मराठी तिच्या सोयीचं आहे. ती शाळेतून आल्यावर डबा बघून ओरडायची, "आई, लाडू आली! श्रीलंका कॅन्सल झाली!" पुढे पुढे ती मलाच विचारायला लागली, "धिस इयर अजून कॅन्सल का नाही झाली?"

काकूंनी कधी आदळआपट केली नाही. त्या शांत आहेत, आणि नवऱ्याला पुरत्या ओळखून आहेत. एकदाच मी त्यांना म्हटलं, "काकू, तुम्ही एकट्या जा ना." तेव्हा त्या लाडवाला बेदाणा लावत म्हणाल्या, "अगं, मी गेले तर हे मागे उपाशी राहतील, आणि वर मला रोज फोन करून सांगतील की छत्री घे." मग जरा थांबून म्हणाल्या, "आणि त्यांनाही तिला भेटायचंय गं. मुलगी झाली त्या रात्री आपण नव्हतो, ती होती, हे त्यांच्या मनातून गेलेलं नाही. कोरं करकरीत ऊन घेऊन तिच्या दारात जायचंय त्यांना." दर एप्रिलमध्ये त्यांच्याकडचं नवीन वर्ष लागलं की कुसुमाचा फोन यायचा. गप्पा झाल्या की ठेवताना ती विचारायची, "तुझ्या नवऱ्याचा पाऊस थांबला का?" आणि दोघी पोट धरून हसायच्या. असं किती वर्षं चाललं हे मी मोजलं नाही. काकूंनी मोजलं असेल.

गेल्या ऑक्टोबरच्या अखेरीला मी काकांचं एक पार्सल घेऊन त्यांच्याकडे गेले होते. बुटांवर चढवायची प्लास्टिकची आवरणं होती, घरी कुणी नव्हतं म्हणून पोस्टमन आमच्याकडे ठेवून गेला होता. काका डायनिंग रूममध्ये नकाशापुढे उभे होते. काकू हॉलमध्ये फोनवर होत्या. त्यांचं बोलणं मला ऐकू येत होतं, आणि त्या एकच गोष्ट परत परत सांगत होत्या. स्वतःचं नाव, मग कार्डिफ, मग क्वार्टर्स, मग पुन्हा स्वतःचं नाव. मग त्यांनी फोन ठेवला. थोड्या वेळाने त्या आत आल्या आणि खुर्चीवर बसल्या.

"तिच्या भाचीने फोन लावून दिला होता," त्या म्हणाल्या. "कुसुमा मला तीनदा विचारत होती, आपण कोण बोलताय. अगदी अदबीने विचारत होती."

काकांनी टाचणी हातातच धरली. मग नेहमीच्या मृदू आवाजात म्हणाले, "जानेवारी अखेर बघूया. डोंगर जरा कोरडे—"

"पुढच्या आठवड्यात जायचंय."

"नोव्हेंबरात?" काकांचा आवाज खरोखर चिरकला. "अगं, नोव्हेंबर सगळ्यात वाईट. दोन्ही बाजूंनी पाऊस. बंगालच्या उपसागरात लो प्रेशर तयार होतं, डोंगरात दरडी कोसळतात, कँडीची ट्रेन बंद पडते. नऊपैकी नऊ टाचण्या निळ्या आहेत. ही केस मी टेबलावर घेऊच शकत नाही."

काकू म्हणाल्या, "अहो, एक सांगा. रस्त्यावर अपघात झालेला माणूस तुमच्याकडे आणला, तो पोटभर जेवून आलेला आहे, बीपी कुठल्या कुठे गेलंय. त्याला काय सांगायचात? सहा तासांनी उपाशीपोटी ये म्हणून?"

"नाही," काका म्हणाले. ते त्यांच्या तोंडून आपोआपच निघालं. "इमर्जन्सीत पेशंट असेल तसा घ्यायचा असतो."

"मग घ्या," काकू म्हणाल्या.

मी पार्सल टेबलावर ठेवलं. काकांनी नकाशाकडे बघितलं, मग काकूंकडे. मग हातातली टाचणी त्यांनी परत डबीत ठेवली आणि डबीचं झाकण लावलं. संध्याकाळी त्यांच्या मुलीचा स्लाऊहून फोन आला. कुसुमाने पहिल्यांदा हातात घेतली ती हीच मुलगी, आता तिथे एका टेक कंपनीत आहे. ती स्पीकरवर म्हणाली, "बाबा, तिकीट झाली. नॉन-चेंजेबल घेतली आहे, मुद्दाम. आता तू फोरकास्ट बघू नको." काकांनी "बरं" म्हटलं आणि मग निघेपर्यंत लपूनछपून फोरकास्ट बघितलं.

त्या आठवड्यात लाडवांचा वास आला, पण लाडू आले नाहीत. आमची मुलगी दोनदा दारात जाऊन बघून आली.

त्यांना हीथ्रोला सोडायला आम्ही गाडीने गेलो. सेव्हर्नच्या पुलावर वारा इतका होता की गाडी एका बाजूला ओढली जात होती, आणि काका मागच्या सीटवरून कोलंबोचा वारा किती आहे ते सांगत होते. ब्रिस्टल गेलं, स्विंडन गेलं, रीडिंग गेलं. काकांच्या बॅगेत दोन स्वेटर, तीन छत्र्या, बुटांची ती आवरणं आणि दरड कोसळल्यास काय करावं याचा एक कागद होता. काकूंच्या मांडीवर फक्त लाडवांचा डबा. स्लाऊच्या पाट्या दिसायला लागल्या तेव्हा काकांनी फोन बंद केला आणि आतल्या खिशात ठेवला. "आता काय बघायचं," ते म्हणाले. "पेशंट टेबलावर आलाय."

पुढचं सगळं मला काकूंनी परत आल्यावर सांगितलं, आणि काका समोरच बसून होते.

कोलंबोच्या विमानतळावरून गाडीत बसल्यावर काकांनी ड्रायव्हरला कुठल्या घाटात धुकं असेल, कुठला ओढा रस्त्यावर येतो आणि कुठून वळसा घ्यावा हे सगळं समजावलं. ड्रायव्हरने कौतुकाने विचारलं, "सर, तुम्ही किती वेळा आलात?" काका म्हणाले, "ही पहिलीच." त्यानंतर ड्रायव्हर बराच वेळ आरशातून त्यांच्याकडे बघत होता. पण ओढा रस्त्यावर आला होता, आणि वळसा काकांनी सांगितला तिथूनच होता. बारा दिवस पाऊस पडला. बारीक, मोठा, आडवा, उभा, सगळ्या प्रकारचा. ट्रेन बंद पडली. नऊ ठिकाणांपैकी त्यांनी एकही पाहिलं नाही. कुसुमाच्या घराच्या व्हरांड्यात तीन वेताच्या खुर्च्या होत्या, बारा दिवस ती तिघं त्या खुर्च्यांवर बसून होती, आणि श्रीलंका एवढीच.

कुसुमाने काकूंना ओळखलं नाही. ती आनंदी होती, केस नीट विंचरलेले, पाहुण्यांचं स्वागत अगदी रीतीने केलं. काकूंचा लाडू तिने आवडीने खाल्ला, दुसराही मागून घेतला, आणि मग काकूंना समजावल्यासारखं म्हणाली, "चांगले झालेत. पण माझी एक मैत्रीण आहे वेल्समध्ये, ती याहून चांगले करते."

हे सांगताना काकू हसल्या. खरंच हसल्या, आणि मग पदराने डोळे पुसले. "अगं, मी काय करू सांग. मी तिला म्हटलं, असतील बाई."

मग त्यांनी कुसुमाला विचारलं होतं, ती मैत्रीण तुम्हाला भेटायला येत नाही का? तेव्हा कुसुमा जरा पुढे झुकली आणि गुपित सांगावं तशी म्हणाली, "येणार आहे. कबूल केलंय तिने. पण तिचा नवरा पाऊस थांबायची वाट बघतोय."

काका तेव्हा तिसऱ्या खुर्चीवर होते. काकू म्हणाल्या, त्यानंतरचे दोन दिवस त्यांचं एवढंच चाललं. जेवले, चहा प्यायले, व्हरांड्याच्या टोकाला जाऊन उभे राहिले. काकूंना त्यांचा राग आला होता का, असं मी विचारलं नाही. त्याच आपणहून म्हणाल्या, "आला होता. चांगला आला होता. पण माणूस तिथे पागोळ्यांखाली उभा, अर्धा भिजतोय आणि त्याचं त्याला कळत नाहीये. त्याच्यावर काय रागवायचं?"

निघायच्या दिवशी सकाळी पावसाने कळस केला होता. कौलांवरचा आवाज इतका, की एकमेकांशी मोठ्याने बोलावं लागत होतं. गाडी दारात आली होती. काका सवयीने व्हरांड्याच्या टोकाला उभे राहून आभाळ बघत होते. कुसुमा आपल्या खुर्चीवरून त्यांच्याकडे बराच वेळ बघत राहिली. काकूंना तिने बारा दिवसांत ओळखलं नव्हतं, पण आभाळाकडे तोंड करून उभा राहिलेला माणूस तिने बहुतेक ओळखला. तिने हाक मारून विचारलं, "पाऊस थांबला का?"

चाळीस वर्षांत पेशंटला काही खोटं सांगितलं नाही, असं म्हणणारा हा माणूस. आयुष्यात एक अंदाज चुकवला नाही. काका वळले. त्यांच्या चष्म्यावरून पाणी ओघळत होतं. "हो," ते म्हणाले, "थांबला."

"मग आता ती येईल," कुसुमा म्हणाली, आणि निवांत मागे टेकून बसली. तिचा हात काकूंच्या हातात होता.

गोष्ट इतकीच सांगून काकू उठल्या आणि आम्हाला चहा टाकायला गेल्या. काका मला म्हणाले, "तुझ्या मुलीने हत्ती बघून यायला सांगितलं होतं ना, तिला सांग, तिथे हत्ती नाही दिसला." मी सांगते म्हटलं.

काकांकडे लोक अजूनही येतात, कारण ब्रिस्टलपर्यंत गेलेली कीर्ती अशी एका रात्रीत परत येत नाही. पण आता काका तारखेच्या आधी दुसरंच काहीतरी विचारतात. "तिथे तुमचं कुणी आहे का?" नाही म्हटलं तर मग टाचण्या, किनारा, गुडघे, सगळं पहिल्यासारखं यथासांग होतं. एकजण म्हणाले, "आहे ना, कोलंबोला जुना मित्र आहे, बरेच दिवस भेट नाही." काकांनी कागद दुमडला आणि म्हणाले, "मग माझ्याकडे काय करताय? जा." ते गृहस्थ बिचारे रागावून गेले, त्यांना वाटलं काका हल्ली विक्षिप्त झालेत.

मध्यंतरी आमच्याकडे लाडवांचा डबा आला. आमची मुलगी गंभीर झाली. "आई, लाडू आली. आता काय कॅन्सल झाला?" मी काकूंना फोन करून विचारलं. त्या म्हणाल्या, "काही नाही गं, असेच केले. हात विसरायला नकोत."

तो डबा परत द्यायला मी एका रविवारी सकाळी दहाच्या सुमारास गेले. दार उघडंच होतं. डायनिंग टेबलावर टॅबलेटवर श्रीलंकेचा पावसाचा नकाशा लावलेला होता, वरपासून खालपर्यंत निळाशार. काका फोन स्पीकरवर ठेवून बसले होते. दर रविवारी याच वेळेला ते स्वतः कँडीला फोन लावतात, हे मला तेव्हा कळलं. पलीकडून म्हातारा, गोड आवाज आला, "पाऊस थांबला का?"

काकांनी टॅबलेट हळूच पालथा घातला. "थांबला," ते म्हणाले. "कोलंबोला ऊन आहे. गॉलला ऊन आहे. त्रिंकोमालीला, जाफन्याला, तुमच्या डोंगरातसुद्धा. सगळीकडे कोरडं आहे आज."

"मग आता ती येईल."

"हो. निघालीच आहे."

स्वयंपाकघरातून काकू म्हणाल्या, "तिला म्हणावं, लाडू घेऊन येतेय." काकांनी तसं सांगितलं. पलीकडून हसल्याचा आवाज आला.

मी रिकामा डबा हॉलमधल्या टेबलावर ठेवला आणि त्यांना हाक न मारता बाहेर आले. आमच्या रस्त्यावर पाऊस सुरू झाला होता. काकांच्या घराच्या बाजूचं फाटक उघडून मी मागे गेले. चादरी दोरीवरच होत्या, त्या काढल्या.